कंटिन्युअस बीम: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: सर, मी नुकताच डिझाईन ऑफिसला लागलोय. आमचे एक सीनियर प्रत्येक स्पॅन (दोन सपोर्टमधला भाग) सिंपली सपोर्टेड, म्हणजे शेजारच्याशी न जोडलेला सुटा, धरून बीम काढतात. म्हणतात डब्ल्यूएल स्क्वेअर बाय ८ (डब्ल्यू म्हणजे दर मीटरचा लोड, एल म्हणजे स्पॅन) पेक्षा मोठा मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, येणारच नाही, तेवढं स्टील खाली टाकलं की झालं. हे खरंच सेफ आहे का?

उत्तर: अर्धं बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच धोका आहे. सारखा पसरलेला लोड असेल तर कुठल्याही स्पॅनमध्ये मधला सॅगिंग (खालून ताणणारा) मोमेंट अधिक दोन्ही टोकांच्या हॉगिंगची (वरून ताणणाऱ्या मोमेंटची) सरासरी ही बेरीज डब्ल्यूएल स्क्वेअर बाय ८ एवढीच असते, ती कोणालाच बदलता येत नाही. प्रश्न फक्त वाटणीचा आहे. आणि ही वाटणी तुम्ही कागदावर काय धरलं ते बघून होत नाही, बीम कॉलमवरून सलग ओतलाय म्हटल्यावर तो सपोर्टला वरून ताणला जाणारच.

आकडे घालून बघू. ५ मीटरचे दोन स्पॅन, फॅक्टर्ड (सुरक्षेसाठी १.५ ने वाढवलेला) डेड लोड, म्हणजे बांधकामाचं वजन, ३० आणि लाईव्ह लोड, म्हणजे वापराचं वजन, ३०, एकूण ६० किलोन्यूटन प्रति मीटर. सिंपली सपोर्टेड धरलं तर प्रत्येक स्पॅनच्या मध्यात १८७.५ किलोन्यूटन मीटर. खऱ्या बीममध्ये दोन्ही स्पॅन पूर्ण लोडेड असताना हेच १८७.५ मधल्या सपोर्टवर येतात, पण उलटे, आणि स्पॅनमध्ये जास्तीत जास्त जेमतेम १०५ (तेही बरोबर मध्यात नाही, बाहेरच्या टोकाच्या बाजूला). म्हणजे स्टील भरपूर आहे, फक्त ते खाली आहे आणि गरज वर आहे. वर रिंगा बांधायला टाकलेले दोन बार तेवढे असतात, ते ताणले जातात आणि टेकू काढल्यापासूनच सपोर्टवर रुंद भेग पडायला लागते.

त्याहून जास्त काळजी मला शिअरची, म्हणजे बीम कापू पाहणाऱ्या जोराची, वाटते. सिंपली धरून टोकाला १५० किलोन्यूटन आले, पण मधल्या सपोर्टपाशी प्रत्यक्षात डब्ल्यूएलचे पाच अष्टमांश म्हणजे १८७.५ येतात आणि खालच्या कॉलमवर ३०० ऐवजी ३७५. रिंगा १५० ला काढल्यात, जोर १८७.५ चा आहे आणि वरून भेगही तिथेच. फ्लेक्शरमध्ये बीम आधी वाकून सांगतो तरी, शिअर काही सांगत नाही. तेव्हा सीनियरांना मान देऊनच सांगा, पण सांगा.

प्रश्न: सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या स्पॅनवर पूर्ण लोड टाकला तर तीच सगळ्यात वाईट केस नाही का? पॅटर्न लोडिंगची, म्हणजे काही स्पॅनवरच लाईव्ह लोड धरून बघण्याची, कटकट कशाला?

उत्तर: सपोर्टसाठी ती वाईट केस आहे, स्पॅनसाठी नाही. वरच्याच बीमवर लाईव्ह लोड फक्त डाव्या स्पॅनवर ठेवा. सपोर्ट मोमेंट १८७.५ वरून १४०.६ वर उतरतो, पण डाव्या स्पॅनमधला १०५ वरून जवळपास १२४ होतो, कारण शेजारचा स्पॅन हलका असल्यामुळे सपोर्ट तेवढा रोखून धरत नाही. म्हणून आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडमध्ये दोन केसेस सांगितल्यात, शेजारशेजारच्या दोन स्पॅनवर लाईव्ह लोड आणि एकाआड एक स्पॅनवर लाईव्ह लोड, डेड लोड मात्र दोन्ही वेळी सगळीकडे. लाईव्ह लोड डेड लोडच्या तीन चतुर्थांशापेक्षा जास्त नसेल तर सगळ्या स्पॅनवर एकदम टाकलेला चालतो.

पण पॅटर्न लोडिंगचा खरा फायदा मोमेंटच्या आकड्यात नाहीये, वरच्या बारच्या लांबीत आहे, आणि हे फार कमी जण बघतात. दोन्ही स्पॅन पूर्ण लोडेड असताना हॉगिंग सपोर्टपासून १.२५ मीटरवर संपतं, म्हणजे बरोबर एल बाय ४. आता डाव्यावर लाईव्ह लोड आणि उजव्यावर फक्त डेड लोड असताना उजव्या स्पॅनमध्ये बघा. त्याच्या बाहेरच्या टोकाची रिअ‍ॅक्शन ४६.९, त्यावरून मोमेंट शून्य होण्याची जागा बाहेरच्या टोकापासून ३.१२५ मीटरवर येते, म्हणजे हॉगिंग सपोर्टपासून १.८७५ मीटरपर्यंत पसरलं. सगळे टॉप बार सवयीने एल बाय ४ ला तोडले असतील तर पुढच्या साठ एक सेंटीमीटरला वर फक्त रिंगा बांधायचे हँगर बार उरले. सपोर्टवरचा आकडा एकदम बरोबर आणि बीमला भेग भलतीकडेच, असं होतं ते यामुळे. एन्व्हलप, म्हणजे सगळ्या केसेसमधले मोठे मोमेंट एकत्र दाखवणारा आलेख, काढा, कट ऑफ (बार तोडायची जागा) त्यावरून ठरवा, आणि वरच्या स्टीलपैकी निदान एक तृतीयांश त्या शून्याच्या जागेच्याही पुढे न्या, इफेक्टिव्ह डेप्थ (दाबाच्या कडेपासून ताणाच्या स्टीलपर्यंतची खोली), बारच्या व्यासाच्या १२ पट किंवा क्लिअर स्पॅनचा सोळावा भाग यातलं जे जास्त असेल तेवढं.

प्रश्न: रीडिस्ट्रिब्युशन, म्हणजे सपोर्टचा मोमेंट कमी धरून तो स्पॅनकडे वळवणं, ३० टक्क्यांपर्यंत चालतं म्हणतात. मग नेहमी ३० टक्केच का करू नये? सपोर्टला बारची इतकी गर्दी होते की व्हायब्रेटरची सुई जात नाही.

उत्तर: गर्दी कमी करायला रीडिस्ट्रिब्युशन हा फार चांगला उपाय आहे आणि मी तर म्हणेन तो वापरलाच पाहिजे, कारण नीट न भरलेल्या काँक्रीटमधल्या आठ बारपेक्षा नीट भरलेल्यातले सहा केव्हाही बरे. पण ३० ही मर्यादा आहे, टार्गेट नाही.

तोच बीम घ्या. सपोर्टचे १८७.५ आपण २० टक्क्यांनी कमी करून १५० केले. बेरीज तर तीच राहणार, म्हणजे कमी केलेलं स्पॅनकडे जाणार. पूर्ण लोडला स्पॅनचा मोमेंट १०५ वरून १२० झाला. पण पॅटर्न लोडिंगसाठी १२४ चं स्टील आपण खाली आधीच दिलेलं आहे! म्हणजे वरचं स्टील कमी झालं आणि खाली एक बारही वाढवावा लागला नाही. दोन केसेसचे मोठे आकडे एकाच वेळी येत नाहीत याचा हा फायदा आहे.

आता ३० टक्के केलं तर सपोर्टची ताकद १३१ उरते. रोजच्या वापरातला, म्हणजे फॅक्टर न लावलेला, मोमेंट मात्र १८७.५ भागिले १.५ म्हणजे १२५ आहे, तो तुमच्या रीडिस्ट्रिब्युशनने कमी होत नाही कारण त्या लोडला बीम बऱ्यापैकी इलॅस्टिकच वागतो. १२५ ला १३१ ची ताकद म्हणजे टॉप स्टील नेहमीच्या लोडलाच यील्डच्या जवळ, सपोर्टवर भेगा दिसणारच.

दुसरी अट सेक्शनला फिरता येण्याची. एक्सयू बाय डी (दाबातल्या काँक्रीटची खोली भागिले इफेक्टिव्ह डेप्थ) अधिक रीडिस्ट्रिब्युशनची टक्केवारी भागिले १०० ही बेरीज ०.६ च्या आत हवी, म्हणजे २० टक्क्यांना एक्सयू बाय डी ०.४ पर्यंतच. एफई ५०० स्टीलला एक्सयू बाय डी ची कमाल, म्हणजे बॅलन्स्ड मर्यादा, ०.४६ आहे, त्यामुळे बॅलन्स्डला टेकलेल्या सेक्शनमध्ये जेमतेम १४ टक्केच मिळतात. आणि हा हिशोब सपोर्टला करताना वेबची (स्लॅबखालच्या उभ्या भागाची) रुंदी घ्या, स्लॅबची नाही, कारण हॉगिंगमध्ये स्लॅब ताणात असतो आणि टी बीम फक्त स्पॅनपुरताच. खालचे बार सपोर्टमधून पुरेसे पुढे नेलेत तर ते काँप्रेशन स्टील म्हणून धरता येतात, एक्सयू कमी होतो आणि तुमची अडचण बरेचदा तिथेच सुटते. इमारत चार मजल्यांच्या वर असेल आणि आडवा जोर फ्रेमच घेत असेल तर ३० नाहीच, १० टक्के.

प्रश्न: दोन स्पॅनच्या बीमला कोडच्या टेबलमधले मोमेंटचे तयार कोइफिशियंट वापरू का?

उत्तर: नाही. ते तीन किंवा जास्त स्पॅनसाठी आहेत, लोड सारखा पसरलेला हवा आणि स्पॅनमधला फरक सगळ्यात मोठ्या स्पॅनच्या १५ टक्क्यांच्या आत हवा. दोन स्पॅनला डेड लोडचाच सपोर्ट मोमेंट डब्ल्यूएल स्क्वेअरचा एक अष्टमांश येतो आणि टेबल देतं एक दशांश, म्हणजे सरळ कमी पडतं. शिवाय कोइफिशियंट वापरले की त्यावर रीडिस्ट्रिब्युशन करता येत नाही. दोन स्पॅनला थ्री मोमेंटचं (सलग तीन सपोर्टवरचे मोमेंट जोडणारं) एकच समीकरण लागतं, हातानेच करा. क्लॅपेरॉनने ते १८५७ साली दिलंय आणि सॉफ्टवेअरचं उत्तर तपासायला आजही त्याच्याइतकं सोपं काही नाही.

प्रश्न: लॅप, म्हणजे दोन बार एकमेकांशेजारी ठेवून केलेला जोड, कुठे द्यायचा? साईटवर रोज वाद होतो.

उत्तर: वरच्या बारचा लॅप स्पॅनच्या मधल्या भागात, खालच्याचा मध्य सोडून सपोर्टच्या बाजूला, आणि सगळे बार एकाच जागी जोडायचे नाहीत. फक्त भूकंपाच्या डिटेलिंगमध्ये जॉइंटच्या आत आणि कॉलमच्या फेसपासून बीमच्या दुप्पट खोलीच्या अंतरात लॅप चालत नाही, तेवढी जागा मोकळी ठेवून मग खालचा लॅप घ्या. ड्रॉइंगवर ही जागा मापासकट दाखवली की निम्मा वाद तिथेच संपतो.