कोकणात फिशिंग गाईड व्हायचंय. कोर्स करू, की कुणाकडे इंटर्नशिप?

तुमचं वय २३, गाव रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी, लहानपणापासून गरवायची (गळाने मासे धरायची) आवड, आणि आता पर्यटकांना गळाच्या मासेमारीला नेऊन त्यावर पोट भरायचंय. कोर्स शोधावा की कुणाच्या हाताखाली राहावं, असं तुम्ही विचारलंय.

हाताखाली राहा. कोर्सचा उपयोग आहे, पण तो नंतर. मासा लागणं तुमच्या हातात नसतं. पाहुण्याला योग्य वेळी योग्य पाण्यावर नेणं आणि धडधाकट परत आणणं मात्र पूर्णपणे तुमच्यावर असतं, आणि ते होडीत बसूनच शिकता येतं.

इंटर्नशिप दोन तुकड्यांत करा, असं माझं ठाम मत आहे. पहिले दोन महिने खाडीतल्या एखाद्या अनुभवी तांडेलाबरोबर (होडी चालवणाऱ्या मुख्य माणसाबरोबर) आणि पुढचे चार-पाच महिने अँगलिंग चार्टर (पर्यटकांना गळाच्या मासेमारीला नेणारी भाड्याची होडी) चालवणाऱ्या माणसाकडे. बहुतेक मुलं थेट चार्टरकडे जातात. तिथे रॉड-रील, नॉट, पाहुण्यांशी बोलणं हे सगळं शिकायला मिळतं, पण पाणी ओळखायला कुणी शिकवत नाही, कारण ते काम तिथे तांडेलच करत असतो. मग स्वतःचा धंदा सुरू केल्यावर तांडेल एक दिवस आला नाही की ट्रिप रद्द.

ऑक्टोबरमध्ये सुरुवात करा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. ऑगस्ट-सप्टेंबरात समुद्र खवळलेला आणि खाडी गढूळ असते. ऑक्टोबर ते मे हाच खरा हंगाम. त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी पाणी शांत असतं, त्यामुळे शिकायला हेच महिने उत्तम.

तांडेलाबरोबर असताना पहिली गोष्ट वहीत उतरवायची ती भरती-ओहोटी. गावातला हिशोब तुम्हाला ठाऊक असेलच: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, तेव्हा पूर्ण भरती. पुढे साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. पण हा हिशोब समुद्रकाठचा. खाडीत जसजसं आत जाल तसतशी भरती उशिरा पोचते, आणि हा उशीर प्रत्येक खाडीत वेगळा असतो. म्हणून आपल्या खाडीतल्या तीन-चार जागा ठरवा (मुख, पूल, कांदळवनातली एखादी घळ) आणि प्रत्येक ठिकाणी पाणी नेमकं कधी फिरलं ते तिथीसकट लिहून ठेवा. दोन महिन्यांत उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) दोन्ही चार-चार वेळा बघायला मिळतील. हे कुठल्याही ॲपमध्ये मिळत नाही.

पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत-उतरत नाही. चढ-उताराचे बारा भाग धरा: पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. मालवण भागात उधाणाला दोन-अडीच मीटरचा फरक पडतो, म्हणजे मधल्या दोन तासांत एक मीटरहून जास्त पाणी सरकतं. मुंबईकडे हाच फरक चार मीटरच्या वर जातो, त्यामुळे तिकडचे अंदाज इकडे लावू नका. तांबोशी, जिताडा यांना वाहतं पाणी हवं असतं. ओहोटीला कांदळवनातून चिंगळं आणि बारीक मासळी पाण्याबरोबर बाहेर येते, आणि घळीच्या तोंडाशी किंवा खडपाच्या (खडकाच्या) आडोशाला हे मासे दबा धरून असतात. भांगाच्या दिवसांत पाणी मरगळलेलं असतं, तेव्हा पुलाचे खांब, खाडीचं अरुंद वळण अशा जिथे प्रवाह आवळतो त्या जागा धरा.

आता वारा. पहाटे मतलई, दुपारी खारा वारा, हे शाळेत शिकलोच. गाईडला त्याचा भरतीशी मेळ घालता आला पाहिजे, कारण कोकणात लहान होडीला खरा धोका खोल समुद्रापेक्षा खाडीच्या मुखाशी, वाळूच्या दांड्यावर (पाण्याखालच्या उंचवट्यावर) असतो. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास असते, म्हणजे दुपारभर ओहोटी. त्याच वेळी खारा वारा समुद्राकडून आत वाहतो. बाहेर पडणारं पाणी आणि आत येणाऱ्या लाटा समोरासमोर भिडतात आणि दांड्यावर लाटा उभ्या राहून फुटतात. सकाळी आरशासारख्या पाण्यातून बाहेर गेलेली होडी दुपारी तिथेच अडकते ती यामुळे. अष्टमीच्या सुमारास उलट असतं: दुपारी भरती आणि वारा एकाच दिशेने आत, त्यामुळे मुख बरंच मवाळ. म्हणून उधाणाच्या दिवसांत समुद्रात जायचं तर भरती संपण्याआधी आत परत या, नाहीतर ट्रिप खाडीतच ठेवा. पाहुणा कितीही आग्रह करो. दरवर्षी पावसाळ्यानंतर दांडा सरकलेला असतो, तेव्हा गेल्या वर्षीच्या वाटेवर विसंबू नका. आदल्या रात्री हवामान खात्याचा अंदाज आणि इन्कॉइस या समुद्र-माहिती संस्थेचा उंच लाटांचा इशारा बघायचाच.

होडीवरची कामं बारीक वाटतात, पण अपघात त्यांतूनच होतात. नांगर नेहमी नाळेवरून, म्हणजे पुढून टाकायचा. मागून टाकला की मशीनच्या (इंजिनाच्या) वजनाने आधीच खाली असलेली बाजू प्रवाहात आणखी दबते आणि पाणी आत येतं. नांगराची दोरी खोलीच्या किमान पाचपट, जोराच्या ओढीत सातपट: ४ मीटर पाण्याला २० ते २८ मीटर. कमी दोरीवर नांगर धरत नाही, घसटत जातो. २५ अश्वशक्तीचं आउटबोर्ड मशीन पूर्ण वेगात तासाला साधारण ८ ते १० लिटर पेट्रोल खातं. एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि एक तृतीयांश हात न लावण्यासाठी, असा हिशोब ठेवा. किल स्विचची (माणूस पडला तर मशीन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी मनगटाला बांधल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. आणि रापण, डोल किंवा इतर पसरलेल्या जाळ्यांपासून लांब राहा. दुसऱ्याच्या जाळ्यात तुमचा ल्यूर (नकली आमिष) अडकला तर जाळं कापायचं नाही, स्वतःची दोरी कापायची. गावात नाव खराब झालं तर तुम्हाला होडी लावायलाही जागा मिळणार नाही.

चार्टरवर गेलात की साधनं तुमच्या ताब्यात येतील. खाडीसाठी ८ फुटांचा, २० ते ४० ग्रॅम फेकणारा रॉड, ४००० आकाराचं रील, ३० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि ४० पौंडी फ्लुरोकार्बनचा दीड मीटर लीडर (दोरीचा गळाकडचा शेवटचा तुकडा) एवढ्यावर तांबोशीपासून जिताड्यापर्यंत सगळं निभतं. समुद्रातल्या खडपांवर ट्रेव्हली माशासाठी पॉपर (पाण्यावर तरंगणारे ल्यूर) फेकायचे तर सगळंच जड लागतं, पण ते मालकाचं असतं, तुम्ही सुरुवातीला विकत घेऊ नका.

ड्रॅग (किती ओढीला दोरी सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक) अंदाजाने लावू नका. रॉड वाकवून, दोरीच्या टोकाला ताणकाटा अडकवून मोजा. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो. त्याचा पाव भाग, साधारण ३.४ किलोला दोरी सुटायला हवी. खडपाजवळ तांबोशी लागते तेव्हा ती पहिल्या दोन-तीन सेकंदांत बिळाकडे झेप घेते, म्हणून तिथे साडेचार किलोपर्यंत आवळा. त्याहून जास्त आवळलं तर नवख्या माणसाच्या हातून रॉड तरी सुटतो, गाठ तरी तुटते. गाठ बहुधा ब्रेड आणि लीडरच्या जोडावरच जाते. त्या जोडाची एफजी नॉट घालताना ब्रेडचे वीसेक वेढे एकाआड एक, प्रत्येक ताणून घ्यायचे, मग थुंकीने ओलं करून दोन्ही बाजूंनी कचकन ओढायचं. वेढे नीट बसले की ब्रेडचा रंग गडद होतो. तो झाला नाही तर गाठ सरकणार, पुन्हा घाला. डुलणाऱ्या होडीत, वाऱ्यात दोन मिनिटांत ही गाठ जमेपर्यंत रोज संध्याकाळी सराव करा.

पाहुण्यांचा सगळ्यात नेहमीचा घोळ म्हणजे ब्रेडचा गुंता. ते हँडल फिरवून बेल (रीलवरची दोरी अडवणारी तार) बंद करतात, सैल दोरी रीलवर बसते आणि पुढच्या फेकीत ती सैल कडी वरच्या वेढ्यांना ओढून आणते. बेल हाताने बंद करायची, दोरी चिमटीत ताणायची, मग फिरवायचं, हे किनाऱ्यावरच दहा मिनिटं शिकवा, तेही ल्यूरचे गळ काढून. होडीत एका वेळी दोघांनीच फेकायचं, एक पुढे, एक मागे. तुम्ही मध्ये उभे राहा.

तरीही कधीतरी कुणाच्या तरी हातात गळ रुतणारच. बाकीचे गळ आधी कापून ल्यूर वेगळा करा. मग जाड दोरीचा फास गळाच्या वाकाला घाला, एका बोटाने गळाची दांडी कातडीला समांतर दाबून धरा आणि गळ आत शिरला त्याच वाटेने फास एका झटक्यात ओढा. हळूहळू ओढलं तर गळाचा उलटा काटा मांस फाडतो. डोळा, मान, सांधा यांच्याजवळ रुतला असेल तर हात लावू नका, तसाच झाकून दवाखान्यात न्या. जखम धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन दोन्ही बाबतींत. म्हणूनच मी ट्रेबल (तीन टोकांचे गळ) काढून सिंगल हुक लावा आणि त्यांचे काटे पकडीने दाबून टाका असं सांगतो. मासा सोडायलाही सोपं जातं. शिंगाळा किंवा पाकट या माशांचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४० ते ४५ अंश, अर्धा ते दीड तास तो भाग बुडवून ठेवायचा. उष्णतेने विष निकामी होऊन वेदना उतरतात. पाणी आधी स्वतःच्या हातावर बघा, दुखण्यापायी पाहुण्याला चटका कळत नाही. पाकटाचा काटा छातीत-पोटात किंवा खोल रुतला असेल तर तो उपटू नका, सरळ दवाखाना. होडीत गरम पाण्याचा थर्मास हवाच. फोनमध्ये तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३ आणि १०८.

मासा सोडायचा असेल तर हात ओले करून, आडवा, पोटाखाली आधार देऊन धरा. कल्ल्यात बोटं नकोत. फोटोसाठी पाण्याबाहेर अर्ध्या मिनिटाच्या वर नको, आणि सोडताना तोंड प्रवाहाकडे करून शेपटी हलेपर्यंत धरून ठेवा. कासव, देवमासा, करवत मासा, महाकाय हेकरू मासा यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. चुकून लागले तर होडीत न घेता पाण्यातच मोकळे करायचे. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवलाय. तो तक्ता मत्स्यव्यवसाय कार्यालयातून घेऊन होडीत चिकटवा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी त्याच्या गाभ्यात येतं. तिकडे काम करणार असाल तर हद्द वनविभागाकडूनच समजून घ्या.

कागदपत्रांबद्दल एकच गोष्ट जोर देऊन सांगतो: मासेमारीचा परवाना असलेली होडी म्हणजे प्रवासी होडी नव्हे. पैसे घेऊन माणसं न्यायची तर महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाची तपासणी आणि परवाना लागतो. इंटर्नशिप घेण्याआधी मालकाला तो दाखवायला सांगा. सोबत विमा, माणशी लाइफ जॅकेट आणि तुमचं राहणं-जेवण-मानधन कागदावर घ्या. टिप कशी वाटणार तेही विचारा, भांडणं तिथेच होतात. शिकवण्याचे पैसे मागून सहा महिने नुसती होडी धुवायला लावणारेही भेटतात. महिन्याला किमान चार ट्रिपांना होडीवर घेणार का, हे आधीच ठरवून घ्या.

कोर्स हंगाम संपल्यावर, पावसाळा आणि बंदीच्या महिन्यांच्या आगेमागे करा. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोट चालवण्याचं आणि जीवरक्षकाचं प्रशिक्षण मिळतं. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र सेंट जॉन ॲम्ब्युलन्सकडून घ्या. तुम्ही मच्छीमार कुटुंबातले असाल तर मत्स्यव्यवसाय विभागाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रमही बघा, त्यात नौकानयन आणि डिझेल इंजिनाची देखभाल दोन्ही येतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तांडेलाकडे जाल तेव्हा रॉड घेऊन जाऊ नका. वही, पेन, टोपी आणि भिजले तरी चालतील असे कपडे पुरेत. पहिले पंधरा दिवस नांगर, वल्हं आणि दोऱ्या तुमच्याकडे द्या म्हणावं. चार्टरवाल्याला डिसेंबरसाठी आत्ताच फोन करून ठेवा, कारण नाताळच्या गर्दीत त्यांना माणूस कमी पडतो आणि जागा तेव्हाच मिळते.