पायाची नस (म्हणजे पायाला रक्त पुरवणारी धमनी) ब्लॉक झाली तर गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने ऑपरेशन टळतं का?

टळू शकतं, पण ब्लॉक ताजा असेल तरच. गुठळी अचानक अडकलेली असेल, साधारण १४ दिवसांच्या आतली, तर जांघेतून, बऱ्याचदा दुसऱ्या पायाच्या, बारीक नळी (कॅथेटर) थेट गुठळीत नेऊन ठेवतात आणि त्यातून अल्टेप्लेज किंवा युरोकायनेज हे गुठळी विरघळवणारं औषध हळूहळू सोडतात, हे २४ तास किंवा जास्तही चालतं, मधे मधे अँजिओग्राफी करून किती मोकळं झालं ते बघतात आणि पेशंटला आयसीयूत ठेवतात कारण रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित मेंदूतसुद्धा. म्हणून नुकताच स्ट्रोक किंवा मोठं ऑपरेशन झालेल्यांना सहसा देत नाहीत.

शुगर, तंबाखूने वर्षानुवर्षं साचलेला कडक थर मात्र याने विरघळत नाही, तिथे बलून, स्टेंट नाहीतर बायपास.

आणि प्लीज, पाय अचानक गार आणि पांढरा पडला, बधिर झाला तर मालिश, शेक करत बसू नका, काही तासांत पाय हातचा जाऊ शकतो, सरळ व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचा) सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा. बोटं हलेनाशी झाली असतील तर औषधाची वाट बघायला वेळच नसतो, बहुतेकदा लगेच ऑपरेशन करून गुठळी काढतात.