जिमचा तक्ता प्रार्थनेला लावायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभर नेमाने जिम केली, दर आठवड्याला बारवर थोडे थोडे वजन चढवले आणि ताकद वाढली. आता तीच रीत भक्तीला लावायची आहे. दर आठवड्याला प्रार्थनेची 10 मिनिटे जास्त, दर महिन्याला एक उपवास जास्त. हे बरोबर आहे का, आणि खाडा पडला तर काय करायचे?

तुलना करायला हरकत नाही, ती बायबलमध्ये प्रेषित पौलानेच केली आहे. ग्रीसमधल्या करिंथ शहराजवळ दर 2 वर्षांनी इस्थमियन खेळ भरायचे, त्यामुळे तिथल्या मंडळीला धावपटू, मुष्टियोद्धे आणि त्यांचा कडक सराव चांगला ठाऊक होता. त्यांना लिहिलेल्या पत्रातला (1 करिंथ 9) खेळाडू नाशवंत मुकुटासाठी झटतात हा दाखला त्यांना लगेच पटला असणार. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला मात्र पौल सांगतो की शरीराची कसरत थोड्या बाबतीत उपयोगी, सुभक्ती सर्व बाबतींत. आम्ही जिमवाले यातले 'कसरत' तेवढे उचलतो आणि 'थोड्या बाबतीत' सोयीने विसरतो.

माझी अडचण वेगळी आहे. 'जेवढे रेटाल तेवढे वाढाल' हे तुम्ही जिममधून घेतले, पण जिममध्येही ते अर्धेच खरे आहे. 1940 च्या दशकात थॉमस डेलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांना पुन्हा उभे करताना पायरीपायरीने वजन वाढवण्याची पद्धत मांडली. आजच्या तक्त्यांमागची मूळ कल्पना तीच. पण सेट (सलग वजन उचलण्याची एक फेरी) मारताना स्नायू वाढत नसतो, थकत असतो. भरून येणे आणि वाढणे नंतर होते, पुढच्या एक-दोन दिवसांत, पुरेसे खाल्ले आणि झोपलात तर. तुम्ही वजन उचलता, वाढ तुमच्या हातात नसते. मार्क 4 मधला तो माणूस आठवा: बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, बी रुजते आणि वाढते, कसे ते त्याला कळत नाही. जिम आणि विश्वासाचे सर्वांत खरे साम्य मला इथे दिसते. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल 'आपले तारण साधून घ्या' म्हणतो आणि लगेच पुढच्याच वचनात सांगतो की इच्छा करणे आणि कृती करणे हे तुमच्यात घडवणारा देव आहे.

म्हणून विश्रांतीला तक्त्यातली रिकामी जागा समजू नका. 1 राजे 19 मध्ये संदेष्टा एलीया थकून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला प्रार्थना वाढवायला सांगत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. कामाचा डोंगर, रात्रीची चार तास झोप आणि वर पहाटेचा वाढीव प्रार्थनेचा तास असे चालले असेल, तर आधी झोप वाढवा. हे मी गंमतीने सांगत नाही.

आता तुमच्या तक्त्यात मला सर्वांत जास्त खटकले ते. बेंच प्रेस (छातीचा व्यायाम) वाढवला म्हणून स्क्वॉट (पायांचा व्यायाम) वाढत नाही. शरीर ज्या कामाला लावाल त्याच कामात तयार होते. प्रार्थनेची मिनिटे मोजून तुम्ही बराच वेळ बसायला शिकाल. पण ज्या भावाशी बोलणे तोडले आहे त्याला क्षमा करण्याची ताकद त्यातून आपोआप येईल असे धरून चालू नका. मत्तय 5 मध्ये येशू म्हणतो, वेदीपाशी भावाची आठवण झाली तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणजे तुमचा जड सेट बहुधा त्या भावाला करायच्या फोनमध्ये आहे. राग लवकर येत असेल तर सराव घरच्या माणसांसमोर, पैशाचा मोह असेल तर सराव देण्यात. प्रार्थना हवीच, पण तिच्या लांबीवरून वाढ मोजू नका. 'मी आठवड्यातून दोनदा उपवास करतो' हे वाक्य शुभवर्तमानात परूश्याच्या (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्याच्या) तोंडी आहे, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो लोकांनी पापी मानलेला जकातदार.

सुरुवातीच्या उत्साहाबद्दल एवढेच की नवख्याची ताकद पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था सरावते म्हणून. स्नायू मागून येतो. विश्वासातही तसेच: बाप्तिस्म्यानंतरचा जोश ओसरला की लोक घाबरतात. घाबरायचे कारण नाही.

स्पॉटर, म्हणजे जड वजन उचलताना शेजारी उभा राहून सांभाळणारा, मात्र हवा. गलती 6 मध्ये एकमेकांची ओझी वाहा असेही आहे आणि प्रत्येकाने आपला भार वाहावा असेही, तीन वचनांच्या अंतराने. लोकांना यात विरोध दिसतो. जिममध्ये दिसत नाही. स्पॉटर बार तुमच्यासाठी उचलत नाही, छातीवर पडूही देत नाही. मंडळीत असा एक माणूस शोधा, ज्याला तुम्ही खरे सांगू शकता.

एका ठिकाणी ही तुलना साफ मोडते. जिममध्ये वजन तुम्ही निवडता. आजार, नोकरी जाणे, जवळच्याचा मृत्यू ही वजने कोणी बेतून चढवत नाही, आणि दुःखात असलेल्याला 'देव तुला बळकट करतोय' असे जिमच्या थाटात ऐकवू नये. शिवाय जिममध्ये कमजोरी घालवायची असते. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली, तो निघाला नाही. उत्तर मिळाले की माझी कृपा तुला पुरे आहे. याला कुठल्याही तक्त्यात रकाना नाही.

खाड्यांचे सोपे आहे. आठवडाभर जिम चुकली तर ताकद जात नाही, आणि चुकलेले तीन दिवसांचे स्क्वॉट कोणी एका दिवसात मारत नाही. वाचनाचेही तसेच करा: राहिलेले अध्याय भरून काढू नका, आजचा वाचा. मोठा खंड पडला असेल तर पूर्वीपेक्षा कमी घेऊन सुरू करा, अगदी एक स्तोत्र चालेल.

उपवास दर महिन्याला वाढवायची कल्पना मी सोडून देईन. एक दिवस ठरवा आणि तोच पाळा. त्या दिवशी जड डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणे) ठेवू नका, चक्कर येऊन बार हातातून सुटू शकतो. मधुमेहाची औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, पाळकांना नंतर.