शेजारी ‘फुल’, तरी मार्ग दिसेना

प्रश्न : आमच्याकडे दोन सिस्को राउटर एकाच इथरनेट केबलने थेट जोडलेले आहेत. दोन्हींवर ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना मार्गांची माहिती देण्याची पद्धत) चालू असून शेजाऱ्याची स्थिती ‘फुल’ (म्हणजे माहितीची देवाणघेवाण पूर्ण) दिसते. तरीही पलीकडचे एकही नेटवर्क राउटिंग टेबलमध्ये येत नाही. एका राउटरवर नेटवर्क प्रकार ‘पॉइंट-टू-पॉइंट’ (दोनच टोकांचा थेट दुवा) ठेवला आहे, दुसऱ्यावर मी काहीच बदललेले नाही. चूक कोठे असावी?
— एक वाचक

उत्तर : आपले शेवटून दुसरे वाक्य हेच उत्तर आहे. इथरनेट इंटरफेसवर आपण काही सांगितले नाही, तर राउटर ‘ब्रॉडकास्ट’ (अनेक राउटर असू शकणारे सामायिक नेटवर्क) हा प्रकार गृहीत धरतो. म्हणजे आपल्या केबलच्या दोन टोकांना दोन वेगळे प्रकार आहेत.

हा दोष चटकन सापडत नाही, कारण शेजारी ओळखण्यासाठी राउटर ठरावीक वेळाने पाठवतात त्या हॅलो पॅकेटमध्ये नेटवर्क प्रकाराचा उल्लेखच नसतो. हॅलो (दोन हॅलोंमधील अंतर) आणि डेड (किती वेळ हॅलो न आल्यास शेजारी गेला असे धरायचे) हे कालावधी मात्र तपासले जातात, आणि ते दोन्ही प्रकारांत १० व ४० सेकंद असे सारखेच असल्यामुळे संबंध जुळतो व डेटाबेसची देवाणघेवाणही पूर्ण होते. (फ्रेम रिले या जुन्या जोडणीच्या ‘नॉन-ब्रॉडकास्ट’ प्रकारात हेच आकडे ३० व १२० असतात; तेथे गाठ पडली असती तर शेजारीच जुळला नसता आणि आपला वेळ वाचला असता.)

घोळ होतो तो नकाशा जुळवताना. ब्रॉडकास्ट बाजूचा राउटर डेझिग्नेटेड राउटर (सामायिक नेटवर्कच्या वतीने बोलणारा, निवडून ठरवलेला राउटर) ठरवून, आपला दुवा एका सामायिक नेटवर्कला जातो असे आपल्या एलएसएमध्ये (इतरांना कळवायच्या दुव्यांच्या नोंदीत) लिहितो. पलीकडचा राउटर मात्र तोच दुवा थेट शेजाऱ्याला जातो असे लिहितो. मार्ग मोजताना ओएसपीएफ प्रत्येक दुव्याची परतीची नोंद शोधते, ती सापडत नाही, आणि डेटाबेसमध्ये सारी माहिती असूनही पलीकडचा राउटर पोहोचण्याजोगा नाही असे ठरते.

दोन्ही बाजूंना ‘ब्रॉडकास्ट’ ठेवले तरी काम होईल, पण केबलवर दोनच राउटर असताना निवडणुकीचा थाट कशाला? दोन्हीकडे ‘पॉइंट-टू-पॉइंट’ करावे, असे माझे मत आहे. त्यामुळे डेझिग्नेटेड राउटर ठरण्यापूर्वीची ४० सेकंदांपर्यंतची प्रतीक्षा टळते आणि नेटवर्क एलएसएही तयार होत नाही. बदल करताना संबंध क्षणभर तुटतो, म्हणून तो कामाच्या वेळेत करू नये. मध्ये स्विच घालून तिसरा राउटर जोडण्याचा विचार असेल, तर मात्र दोन्हीकडे ‘ब्रॉडकास्ट’च ठेवावे.