अमेरिकन गायिका-गीतकार लुसिंडा विल्यम्सचा 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड' हा अल्बम सहा वर्षं का रखडला? ती इतकी हट्टी होती का?

हट्टी नव्हती. तिच्या कानाला जे खटकत होतं, ते ती बोलून दाखवत होती.

तिचा आधीचा अल्बम 'स्वीट ओल्ड वर्ल्ड' १९९२चा आणि हा १९९८चा, म्हणून सगळे सहा वर्षं मोजतात. रेकॉर्डिंग सुरू झालं १९९५मध्ये ऑस्टिनला, तिचा जुना गिटारवादक गर्फ मॉर्लिक्सबरोबर. दरम्यान ती गायक-गीतकार स्टीव्ह अर्लच्या अल्बमवर एक गाणं गायली. तिथे ध्वनिमुद्रक रे केनेडीने टिपलेला स्वतःचा आवाज तिने ऐकला आणि हाच आवाज आपल्या गाण्यांत हवा असं तिने ठरवलं. मग नॅशव्हिलला बहुतेक काम पुन्हा झालं, शेवटचा हात लॉस एंजेलिसमध्ये कीबोर्डवादक-निर्माता रॉय बिटनने फिरवला.

मी गाते, म्हणून हा 'हट्टी' शब्द मला झोंबतो. पुण्यात अभंगांची कॅसेट करत होतो. ट्रॅक आधीच वाजवून ठेवलेला, पांढरी पाचमध्ये. माझी पट्टी, म्हणजे माझा सा, काळी चार; अर्धा सूर वर. ट्रॅकची पट्टी मला न विचारताच ठरवलेली. खालच्या पंचमावर माझा आवाज नुसती हवा होऊन निघत होता. काचेपलीकडून संगीतकार म्हणाले, "अर्ध्या सुराने काय होतं बाई? शिफ्ट संपत आलीये." मी अडून बसले, तर वादकांसमोर "यांचे फार नखरे असतात" हे ऐकवलं. तशीच गाऊन घेतली कॅसेट. त्याच आठवड्यात एका गायकाने एका आलापासाठी टेकवर टेक घेतले, तेव्हा हेच गृहस्थ "किती बारकाईने काम करतो" म्हणून सगळ्यांना सांगत होते. पुढे आकाशवाणीवर मी त्यातलाच एक अभंग माझ्या पट्टीत गायले. तो ऐका आणि कॅसेट ऐका, मला आणखी काही सांगावं लागणार नाही.

लुसिंडाने माघार घेतली नाही, म्हणून 'ड्रंकन एंजल' आज असं ऐकू येतं. १९८९मध्ये ऑस्टिनला गोळी लागून गेलेल्या गायक-गीतकार ब्लेझ फोलीवरचं ते गाणं. तिथे ती शब्द ओढते, ठेक्याच्या जरा मागे रेंगाळते आणि आवाजातली खरखर लपवत नाही. शीर्षकगीतात गाडीच्या मागच्या सीटवर बसलेली लहान मुलगी आहे, म्हणजे ती स्वतःच. ते ऐकून तिच्या वडिलांनी, कवी मिलर विल्यम्स यांनी, तिची माफी मागितली होती. एवढं पोचायला आवाज अगदी जवळून टिपावा लागतो.

आणि उशीर सगळा तिचा नव्हता. रेकॉर्ड कंपनी बदलली, अमेरिकन रेकॉर्डिंग्जकडून काम मर्क्युरीकडे गेलं, त्यातही वेळ गेला. हे फारसं कोणी सांगत नाही.

पुन्हा वाजवायचं तर पैसा लागतो, हे मला मान्य आहे. मॉर्लिक्सची दहा वर्षांहून जास्त जुनी साथ यात तुटली, तेही वाईटच झालं. पण अल्बमला ग्रॅमी मिळालं, समकालीन फोकचं. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या मतदानात तो त्या वर्षी पहिला आला.

तुम्ही स्वतः रेकॉर्डिंग करत असाल म्हणून सांगते: पट्टी आधी गाणाऱ्याला विचारा, ट्रॅक मग वाजवा. आणि अर्ध्या सुराने काय होतं असं कोणी म्हणालं, तर त्याला म्हणावं, अर्धा सूर खाली येऊन तूच गाऊन दाखव.