ड्युटी लिस्ट लावली की फिरवू नका

ताई, दीडशे खाटांच्या तुमच्या खासगी रुग्णालयात नवीन सिस्टर वर्षभरही टिकत नाहीत आणि वरून ऐकायला मिळतं, 'या मुलींना निष्ठाच नाही', असं तुम्ही लिहिलंय. मी २६ वर्षं वॉर्डात काढली. मुलींना दोष देऊ नका.

थांबणं वेगळं, जीव लागणं वेगळं. मेयर आणि ॲलन या संशोधकांनी १९९१ मध्ये नोकरीशी असलेल्या बांधिलकीची तीन रूपं मांडली: राहावंसं वाटतं म्हणून, सोडणं परवडत नाही म्हणून, आणि राहणं कर्तव्य वाटतं म्हणून. माझ्या पहिल्या नोकरीत मूळ प्रमाणपत्रं ऑफिसच्या कपाटात ठेवून घेतली होती. दोन वर्षं राहिले, पण रोज दिवस मोजत.

दुसरीकडे ११ वर्षं कशी गेली कळलं नाही. पगार फार नव्हता. पण इन्चार्ज सिस्टर पुढच्या महिन्याची ड्युटी लिस्ट २५ तारखेला लावायच्या आणि मग फिरवायच्या नाहीत. नाइट ऑफला, म्हणजे रात्रपाळीनंतरच्या सुट्टीत, कुणाला फोन करून बोलावलं नाही. माणूस कमी पडलं तर स्वतः औषधांची ट्रॉली घेऊन निघायच्या. एकदा एका नातेवाइकाने माझ्यावर हात उगारला. त्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या, आणि संध्याकाळपर्यंत लेखी तक्रार त्यांनीच वर पाठवली होती. अशा माणसाला सोडून जाववत नाही हो.

आता तुमच्या हातात नसलेलं. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत रजेसाठी ३० टक्के जादा मनुष्यबळ धरलंय. ते नसेल तर एकीची रजा म्हणजे दुसरीची डबल ड्युटी, आणि त्यातूनच आपसात कटुता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर नेमलेल्या समितीची शिफारस अशी, की १०० ते २०० खाटांच्या खासगी रुग्णालयात पगार सरकारी परिचारिकेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी नसावा. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर २०१७ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. मेट्रनना सोबत घ्या आणि हे तिन्ही मुद्दे लेखी द्या. तोंडी बोललेलं विसरलं जातं.

आणि जी मुलगी सोडून चाललीय, तिच्या हातात अनुभवाचं प्रमाणपत्र आधी द्या, मग विचारा का जातेस. ते मिळेपर्यंत ती 'घरची अडचण आहे' एवढंच सांगेल.