स्लॅबवर धाब्याची माती टाकावी का?

प्रश्न (यावल तालुका): आमचे जुने धाब्याचे (मातीच्या सपाट छताचे) घर मे महिन्यातही गार राहायचे. नव्या स्लॅबखाली रात्री दहापर्यंत बसवत नाही. तीच माती गच्चीवर पसरली तर?

उत्तर: धाब्याच्या गारव्यात मोठा वाटा मातीच्या कणांत अडकलेल्या हवेचा. स्थिर हवेची उष्णतावाहकता ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन, कोरड्या मातीची साधारण ०.३, काँक्रीटची दीडच्या आसपास. त्यामुळे फूटभर मातीचे धाबे पाच इंची स्लॅबच्या बारापट उष्णता अडवते. शिवाय दुपारचा ताव एवढ्या मातीतून उतरता उतरताच विरतो. स्लॅबमधून तो तीन-चार तासांत आत येतो, म्हणून संध्याकाळी छत भाजते.

तरीही माती टाकू नका. फूटभर मातीचे वजन चौरस मीटरला साडेचारशे किलो होते; घराची गच्ची सहसा दीडशे किलोचा वापरभार (माणसे, सामान यांचे वजन) धरून बांधतात. पावसात ते आणखी वाढते आणि छिद्रांत हवेऐवजी पाणी बसते. पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहते, म्हणजे ओल्या मातीचा उपयोग बराच घटतो.

आधी स्वस्त उपाय करा: मार्चमध्ये गच्ची घासून, डिंक घातलेल्या चुन्याचे दोन-तीन हात द्या. पावसात चुना धुपतो, दरवर्षी पुन्हा लावावा लागतो.

खर्चाची तयारी असेल तर उतार आणि वॉटरप्रूफिंग नीट करून त्यावर ५० मिलिमीटरचे एक्सपीएस (बंद छिद्रांच्या घट्ट पॉलिस्टायरीन फोमचे) बोर्ड बसवा. साधा थर्माकोल नको, तो हळूहळू पाणी पितो. सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. फटीतून उष्णता सरळ खाली उतरते. वर जाळी घालून ४० मिलिमीटरचा कोबा करा. त्याचेही चौरस मीटरला नव्वद-शंभर किलो होतात, तेव्हा अभियंत्याला विचारूनच. विटांच्या तुकड्यांचा कोबा गळती थांबवायला ठीक, पण उन्हासाठी तो जड आणि कमकुवत उपाय आहे.

प्रश्न (शिरपूर): गोठ्याच्या पत्र्यावर पऱ्हाटी (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) टाकली तर चालेल?

उत्तर: पऱ्हाटी नको. तिच्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या कपाशीवर येते. उसाचे पाचट किंवा केळीची वाळलेली पाने वीतभर जाड टाकून दोरीने बांधा. इथे मुख्य काम सावलीचे, त्यामुळे थर सैल असला तरी बिघडत नाही. चुलीचा धूर आणि विजेची तार मात्र दूर हवी.